पार्किन्सन्स आणि तोल: फिजिओथेरपीबद्दल घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पार्किन्सन्सच्या पेशंटना घरी जाऊन व्यायाम देते. कोथरूडची सोसायटी असो, सदाशिव पेठेतला अरुंद जिना असो की सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट, निघताना मी चप्पल घालत असते तेव्हा दारात जे प्रश्न येतात ते सगळीकडे तेच असतात. दारातल्या दोन मिनिटांत त्यांची उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द मनापासून आवडतात, म्हणून मीही तेच वापरणार आहे. दोन गोष्टी आधीच सांगते. हे वाचून गोळ्यांमध्ये परस्पर काहीही बदल करू नका. आणि तोलाचा कोणताही नवा व्यायाम पहिल्यांदा करताना शेजारी माणूस हवाच.

हात थरथरतो हे समजलं. पण तोल का जातो?

मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. आपण चालतो तेव्हा हात आपसूक हलतात. वळताना आधी मान, मग खांदे, मग कंबर फिरते. ठेच लागली तर दुसरं पाऊल झटकन पुढे पडतं. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. डोपामिन कमी झालं की हे आपसूक होणंच मंदावतं. पावलं आखूड होतात, पाठीला पोक येतो, वळताना अख्खं अंग ठोकळ्यासारखं एकदम फिरतं. जरासा धक्का लागला तर सावरणारं पाऊल उशिरा पडतं आणि पडलं तरी छोटं पडतं. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, त्यातही पुढे झुकून चालता चालता पळायला लागण्याची नोंद आहे.

व्यायामामागचं सगळं तत्त्व इथूनच निघतं. जे आपसूक व्हायचं, ते आता लक्ष देऊन करायचं. ठरवून, मोजून, मोठं पाऊल टाकलं तर ते पडतं. मात्र ती सवय लावावी लागते.

गोळ्या वेळेवर चालू आहेत. मग व्यायाम कशाला?

लेव्होडोपाच्या गोळीने (आपल्याकडे बऱ्याच घरांत तिला सिंडोपा याच नावाने ओळखतात) ताठरपणा आणि मंदपणा चांगला कमी होतो. तोल सावरण्याची क्रिया मात्र या गोळीला तितकीशी दाद देत नाही. आजार जुना होतो तसं हे जास्त जाणवतं. मेंदूत तार बसवण्याच्या डीबीएस सर्जरीचंही तसंच आहे. थरथर खूप कमी झालेली दिसते आणि तोलाची तक्रार राहू शकते. ‘बाबा पडतायत, डोस वाढवा’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. डोस जास्त झाला तर अंगाच्या नको त्या हालचाली वाढतात, आणि त्यानेही तोल जातो. पडण्याबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा, पण काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

आई अजून एकदाही पडलेली नाही. आत्तापासून फिजिओथेरपी लागेल का?

हो. याबाबतीत मी अजिबात मोघम बोलणार नाही. फाइलवर ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ असं लिहिलेलं असतं. होन आणि यार या डॉक्टरांनी १९६७ मध्ये मांडलेल्या, आजार किती पुढे गेला ते सांगणाऱ्या पाच पायऱ्या त्या. तिसऱ्या पायरीवर तोल बिघडलेला दिसू लागतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असताना शिकलेली मोठी पावलं पुढे अंगवळणी पडलेली असतात. पहिल्या पडण्यानंतर सुरुवात केली, तर आधी मनात बसलेल्या भीतीशी झगडावं लागतं.

‘पडली नाही’ म्हणजे नेमकं काय, हेही नीट विचारा. दाराची चौकट धरली म्हणून वाचली, कॉटवर बसताना धप्पकन आदळली, आंघोळ करताना झोकांडी गेली, हे सगळं मोजायचं. शुभार्थी असं घरात सांगत नाहीत, कारण बाहेर जाणं बंद होईल अशी धास्ती असते.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट काय बघतात?

खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजायचं. हाताचा आधार न घेता पाच वेळा उठ-बस. एका पायावर उभं राहणं. बोलत बोलत चालणं. मागे उभं राहून खांदे धरून अचानक ओढायचं आणि शुभार्थी किती पावलांत सावरतात ते पाहायचं, अशीही एक चाचणी असते. ती फक्त जाणत्या माणसाने करायची, घरी कुणी ‘बघू या तरी’ म्हणून करू नये. आकडे लिहून ठेवायला सांगा. सहा आठवड्यांनी त्याच चाचण्या परत झाल्या तरच व्यायामाचा उपयोग होतोय की नाही हे कळेल.

नेमके कोणते व्यायाम?

माझी एक चूक इथे सांगायलाच हवी. व्यवसायाच्या सुरुवातीला मी एका काकांना सगळे व्यायाम खुर्चीत बसवून द्यायचे. हात वर, गुडघे सरळ, मान इकडे-तिकडे. पडू नयेत म्हणून इतकी काळजी. ते रोज नेमाने करायचे. तीन महिन्यांनी ओट्यापाशी चहाचा कप घेऊन वळताना ते पडले आणि मनगट मोडलं. मी त्यांना वळायला कधी शिकवलंच नव्हतं. ज्या व्यायामात तोल जराही हलत नाही, तो तोलाचा व्यायाम नाही. थोडं डगमगलं पाहिजे, आणि डगमगताना पकडायला काहीतरी हाताशी पाहिजे.

त्यासाठी मला घरात सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे खोलीचा रिकामा कोपरा. पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्ची. कुठूनही तोल गेला तरी भिंत किंवा खुर्ची आहे. इथे आधी वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, सावकाश, दुसरी टाच किंचित उचलेपर्यंत. मग पाय जोडून उभं राहायचं, मग एक पाय दुसऱ्याच्या अर्धा पुढे ठेवून.

त्यानंतर पावलं. पुढे, बाजूला आणि मागे, प्रत्येक वेळी मुद्दाम वाजवीपेक्षा मोठं. शुभार्थींना ते फारच मोठं वाटतं, आणि बघणाऱ्याला ते जेमतेम नेहमीएवढं दिसतं! मेंदूचं मापच आखूड झालेलं असतं. मागच्या पावलाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. फ्रिजचं दार ओढताना किंवा कपाट उघडताना माणूस मागे जातो, तेव्हा बारीक बारीक पावलं मागे पडत जातात आणि शेवटी पाठीवर पडणं होतं. म्हणून दार उघडण्याआधीच एक पाय मागे ठेवून तिरकं उभं राहायची सवय लावायची.

खुर्चीतून उठणं हाही तोलाचाच व्यायाम आहे. कडेपर्यंत सरकायचं, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायच्या, जमिनीवर पडलेलं काही उचलायला वाकावं तसं डोकं पुढे न्यायचं आणि मग ‘एक, दोन, तीन’ म्हणत उठायचं. बहुतेक जण पुढे न वाकता सरळ वर उठू पाहतात, म्हणून परत मागे बसतात. बसताना दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागल्याशिवाय बसायचं नाही.

कंबर फिरवण्यासाठी उभं राहून एका बाजूच्या स्टुलावरचा डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगते. पोटऱ्या आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायामही लागतातच. शिवाय मोठ्या हालचालींची एलएसव्हीटी बिग नावाची एक बांधीव पद्धत आहे. आठवड्याला ४ दिवस, ४ आठवडे, तासाभराच्या एकूण १६ बैठका. ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच शिकायची.

रोज संभाजी बागेत तासभर चालतात. तेवढं पुरत नाही का?

चालणं सोडू नका, दम आणि मन दोन्हीसाठी ते फार चांगलं आहे. पण बागेत आपण सरळ चालतो, सपाट वाटेवर. घरात पडतात ते वळताना, मागे सरकताना, वाकताना, अंधारात. त्याचा सराव बागेत होत नाही.

दारात आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. काय करायचं?

याला पाय गोठणं म्हणतात. दार, अरुंद बोळ, वळण, लिफ्ट, फोनची रिंग, मागून येणारी घाई, या ठिकाणी ते हमखास होतं. वरचं शरीर पुढे जातं, पाय मागे राहतात, आणि माणूस तोंडावर पडतो.

एका जुन्या वाड्यात मी गेले होते. आजोबा उंबरठ्याशी थांबलेले, टाचा उचललेल्या, गुडघे कापताहेत. मागे मुलगा, सून, नातू, आणि तिघांचं एकच, ‘चला, चला, उचला पाय.’ जितकं ‘चला’ वाढत होतं तितके पाय घट्ट होत होते. मग आजी आतून आल्या. त्यांनी कुणालाच काही न बोलता आजोबांच्या बोटांपुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवलं, जोडवी दिसतील असं, आणि म्हणाल्या, ‘ह्याच्यावरून.’ आजोबांनी पाय उचलला, ओलांडला आणि चालू लागले. आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. करून करून सापडलं होतं. आम्ही पुस्तकात हेच शिकतो, की ओलांडायला डोळ्यांना काही दिसलं, तर पाय उचलला जातो.

म्हणून पाय गोठले की आधी थांबायचं, जोर लावायचा नाही. एक श्वास. ताठ व्हायचं. वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग ठरवून एकच मोठं पाऊल. ज्या दारात रोज अडतं तिथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेषा मारा, एका पावलाच्या अंतराने. फरशीच्या रंगाहून अगदी वेगळा रंग हवा.

ताल हा दुसरा रस्ता. मोबाइलवर मेट्रोनोम (एका लयीत टिकटिक करणारा) मिळतो, पण आपल्याकडे त्याहून चांगलं भांडार आहे. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत ठेक्यात चालणारे पाय लाखो लोकांनी पाहिले आहेत. लेझीम खेळलेल्यांना तर आकडे घालून पावलं टाकायची सवयच असते. शुभार्थींना स्वतःला मोठ्याने म्हणू द्या.

सपाट जमिनीवर गोठणारा माणूस जिना व्यवस्थित चढतो, हेही पुष्कळ घरांत दिसतं, आणि मग घरचे म्हणतात, ‘नाटक करतात.’ नाटक नाही हो. प्रत्येक पायरी म्हणजे ओलांडायची एक रेषाच असते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये असा एक पेशंट नोंदवला, ज्याला काही पावलंही धड चालता येत नव्हती आणि सायकल मात्र सफाईने चालवता येत होती. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आयुष्यभर सायकलवर ऑफिसला गेलेले शुभार्थी मला भेटतात, आणि त्यांना घरातली स्थिर सायकल मनापासून आवडते. रस्त्यावरची नको. सिग्नलला उतरायचं असतं.

वळताना कसं वळायचं?

जागच्या जागी गर्रकन नाही. जागा असेल तर गाडी वळवावी तसं मोठं वर्तुळ घेऊन. जागा नसेल तर आपण घड्याळाच्या मधोमध उभे आहोत असं समजून पावलं बारावर, तीनवर, सहावर ठेवत, प्रत्येक वेळी पाय उचलून. आधी नजर, मग पाय. पायात पाय घालून वळायचं नाही.

आधार देताना कुठे धरायचं?

शेजारी, अर्धं पाऊल मागे, जी बाजू कमजोर तिकडे उभे राहा. शक्यतो शुभार्थींनी तुमचा दंड धरावा. काखेत हात घालून उचलू नका, खांदा दुखावतो. समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढत नेणं सगळ्यात वाईट, त्याने वजन पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. चालताना प्रश्नही विचारू नका. ‘जेवणात काय करू?’ एवढं विचारलं तरी लक्ष पायांवरून सुटतं.

काठी घ्यावी की वॉकर?

आधी तपासून घ्या, मग विकत घ्या. साधी काठी पुष्कळांना पुरते, तिची मूठ मनगटाच्या रेषेत हवी. चार पायांचा उचलून ठेवायचा वॉकर पार्किन्सन्समध्ये बरेचदा घात करतो, कारण उचल-ठेव करताना चालण्याचा ताल तुटतो आणि माणूस मागे जातो. चाकांचा वॉकर बरा, पण ज्यांची पावलं पळायला लागतात त्यांच्या हातून तो पुढे निसटतो, म्हणून ब्रेक दाबता येतो का ते पाहायचं. शेजारच्या आजींचा पडून असलेला वॉकर आणून वापरू नका.

व्यायाम कोणत्या वेळी करायचा?

गोळीचा अंमल चांगला असेल तेव्हा. बहुतेकांना गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने तो येतो, पण प्रत्येकाचं वेगळं. आठवडाभर वहीत लिहा, कितीला गोळी, कितीला अंग मोकळं, कितीला पुन्हा जड. त्यावरून फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवा, उलटं नको. नवीन आणि अवघड ते सगळं या ‘ऑन’ वेळेत. ‘ऑफ’ असताना फक्त उठणं, कुशीवर वळणं असल्या गरजेच्या हालचाली शिकायच्या.

उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हा तोलाचाच भाग का?

वेगळा भाग आहे, पण पडण्याचं मोठं कारण. या आजारात आणि त्याच्या औषधांनी उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. बीपी वाढलं म्हणून पूर्वी चालू केलेली गोळी अजून तशीच सुरू आहे का, हेही विचारा. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

योगासनं, ताई ची, नृत्य चालेल का?

ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, याबद्दल चांगला पुरावा आहे. अमेरिकेत १९५ शुभार्थींवर २४ आठवडे अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये तो छापून आला. आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचं पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. योगासनांमध्ये भिंत, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन करायची अय्यंगार पद्धत पुण्यातच वाढली, आणि आधार घेणं हे शुभार्थींच्या सोयीचंच आहे. शिकवणाऱ्यांना आजार आधी सांगा. शीर्षासनासारखी आसनं आणि डोळे मिटून उभं राहणं नको.

नृत्याबद्दल मी जरा जास्तच बोलते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. नृत्यात ताल आहे, मागे जाणं आहे, वळणं आहे, दुसऱ्याकडे बघणं आहे, म्हणजे मी कोपऱ्यात उभं करून जे करून घेते ते सगळं आहे. आणि कुणी ‘व्यायाम झाला का?’ असं विचारत नाही.

घरात काय बदल करायचे?

पायपुसणी आणि सुटे गालिचे काढा. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि शॉवरखाली पक्की दांडी, भिंतीत ठोकलेली. टॉवेलचा रॉड वजन घेत नाही. कॉटपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. खाली जाणाऱ्या दिवाणाऐवजी गुडघ्याच्या उंचीची घट्ट गादी. घरातही टाच झाकणारी, न घसरणारी चप्पल. लेंगा किंवा साडी घोट्याच्या वर. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात, तेव्हा मान खाली करून बघायला शिकवा.

आणि दाराची बेल. बेल वाजली की कुणीतरी मोठ्याने म्हणा, ‘मी बघतो.’ उठून पळण्याच्या नादात पडलेले किती जण मी पाहिले आहेत.

पडलेच तर?

लगेच ओढून उठवू नका. दुखतंय का, डोक्याला लागलंय का, पाय हलतोय का ते विचारा. कमरेत किंवा मांडीत जोरात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, माणूस गुंगीत असेल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असून डोकं आपटलं असेल, तर तसंच ठेवून १०८ ला फोन. काही नसेल तर कुशीवर वळवा, मग हातापायांवर आणा, समोर जड खुर्ची ठेवा, खुर्चीवर हात, एक पाय पुढे आणि मग वर. बळकट पाय पुढे हवा. न पडता, चांगल्या दिवशी, गादीवर याचा सराव करून ठेवा.

किती दिवस करावं लागेल? मशीन लावतात ते उपयोगाचं आहे का?

आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे शिकून घ्यायचं, मग घरी रोज, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. सोडलं की मिळवलेलं हळूहळू जातं. तोलासाठी शेक आणि करंटच्या मशीनचा उपयोग नाही. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं मशीन लावून ठेवत असतील, तर ‘उभं राहून काय करायचं ते शिकवा’ असं स्पष्ट सांगा. पार्किन्सन्सचे किती पेशंट पाहिलेत, हेही विचारायला संकोच नको.

बाबा म्हणतात, ‘मला एकट्याने मंडईत जायचंय.’ जाऊ द्यावं का?

लगेच ‘नाही’ म्हणू नका. तेच व्यायामाचं ध्येय करा. आधी तुमच्याबरोबर, सकाळी गर्दी वाढायच्या आत, गोळीच्या अंमलात. पिशवी हातात नाही, खांद्यावरून तिरकी, म्हणजे एक हात काठीला आणि दुसरा मोकळा. पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात, म्हणून नजर चार पावलं पुढे. भाजीवाल्याशी बोलायचं तर थांबून बोलायचं, चालता चालता नाही. पैसे मोजताना पाठ एखाद्या खांबाला लावायची. सुट्ट्यासाठी घाई करायची नाही, ‘थांबा जरा’ असं म्हणायचं. एका काकांसाठी आम्ही दिवाणखान्यात महिनाभर खोटी मंडई मांडत होतो. बायको मेथीची जुडी विकायला बसायची आणि नातू मुद्दाम मधून पळायचा. आता ते शनिवारी जातात, बायको वीस पावलं मागे असते, आणि कोथिंबीर अजून तेच निवडतात.